फिल्टर कोडमध्ये की कॉन्फिगरेशनमध्ये? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ओएसजीआय ही जावा प्रोग्रॅम सुट्या भागांतून (बंडलांतून) उभारण्याची पद्धत आहे. तिच्या डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे कंपोनंटला लागणारी सर्व्हिस आपोआप जोडून देणाऱ्या सोयीत, सर्व्हिस निवडणारा फिल्टर (गुणधर्मांवरची अट) ॲनोटेशनमध्ये (कोडमधल्या खुणेत) न लिहिता कॉन्फिगरेशन ॲडमिनमार्फत, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमधून द्यावा, या माझ्या म्हणण्यावर आपले तीन आक्षेप आहेत: कोड वाचणाऱ्याला कोणती सर्व्हिस जोडली जाणार ते कळत नाही, फिल्टरमध्ये एक अक्षर चुकले तरी कंपोनंट मुकाट्याने बंद राहतो, आणि या खटाटोपापेक्षा सर्व्हिस रँकिंग (सर्व्हिसला दिलेला अग्रक्रमाचा आकडा; मोठा आकडा आधी) पुरेसे आहे.

रँकिंगपासून सुरुवात करतो, कारण आपल्या मतभेदाचे मूळ तिथेच आहे. माझे म्हणणे ज्या कामावर आधारलेले आहे, ते इंदूरजवळच्या पीथमपूर येथील एका कारखान्याचे. तिथे आवक आणि जावक अशा दोन फाटकांवर ट्रक तोलणारे काटे आहेत. दोन्ही एकाच इंटरफेसखाली नोंदवलेले असून ‘फाटक’ हा गुणधर्म तेवढा वेगळा आहे. रँकिंग हे सर्व्हिसचे असते आणि ती मागणाऱ्या सर्वांना ते सारखेच लागू होते, त्यामुळे एका काट्याचे रँकिंग वाढवले की दोन्ही फाटकांच्या पावत्या त्याच काट्याचे वजन छापू लागतात. रँकिंग समान ठेवले, तर ज्या सर्व्हिसचा आयडी लहान, म्हणजे जी आधी नोंदवली गेली, ती निवडली जाते. मग कोणता काटा मिळणार हे बंडल कोणत्या क्रमाने सुरू झाले यावर ठरते. पावतीवरच्या वजनावर मालाचे पैसे ठरतात, तिथे हे मला अजिबात मान्य नाही.

कोड वाचणाऱ्याला फाटक दिसत नाही, हे खरे आहे. पण ते त्याला दिसण्याचे कारणही नाही. पावती छापणाऱ्या क्लासला ‘काटा’ नावाचा एक संदर्भ (बाहेरून जोडून मिळणारी सर्व्हिस) हवा आहे, एवढेच त्याचे म्हणणे. फॅक्टरी कॉन्फिगरेशनच्या (जिच्या प्रत्येक नोंदीमागे कंपोनंटची एक वेगळी प्रत उभी राहते) दोन नोंदी केल्या आणि संदर्भाच्या नावापुढे डॉट टार्गेट (काटा.target) जोडून एकीत (फाटक=आवक) व दुसरीत (फाटक=जावक) लिहिले, की एकाच क्लासमधून दोन्ही कंपोनंट उभे राहतात. ॲनोटेशनमध्ये फिल्टर गोठवला, तर त्यासाठी दोन क्लास लिहावे लागतील.

अक्षर चुकण्याची आपली काळजी मात्र रास्त आहे. ॲनोटेशनने ती मिटत नाही, कारण बिल्डच्या वेळी फार तर कंस आणि मांडणी तपासली जाते. ‘आवक’ऐवजी ‘अवक’ लिहिले तर तिथेही कोणी हटकत नाही. कंपोनंट बंद राहणे हे चुकीचा काटा जोडला जाण्यापेक्षा कितीतरी बरे, आणि फेलिक्सच्या (ओएसजीआयच्या एका अंमलबजावणीच्या) कन्सोलवर ‘एससीआर इन्फो’ (scr:info) ही आज्ञा दिली की कोणता संदर्भ कोणत्या फिल्टरमुळे अडला आहे ते समोर दिसते. म्हणूनच मी ॲनोटेशनमध्ये कधीही न जुळणारा फिल्टर मुद्दाम ठेवतो, उदाहरणार्थ (फाटक=कॉन्फिगरेशनमध्ये द्या). कॉन्फिगरेशनमध्ये टार्गेट दिले की ते या फिल्टरची जागा घेते. असा फिल्टर न ठेवता नुसते कॉन्फिगरेशन सक्तीचे केले, तर तेवढ्याने भागत नाही. नोंद आहे पण तिच्यात टार्गेट लिहायचे राहिले, तर फिल्टरच उरत नाही आणि हाती येईल तो काटा जोडला जातो.

आपण सुचवलेल्या (!(फाटक=जावक)) या नकारात्मक फिल्टरबद्दल अधिक सावध राहावे, अशी माझी विनंती आहे. ज्या सर्व्हिसवर ‘फाटक’ हा गुणधर्मच नाही, तीसुद्धा या फिल्टरला जुळते. चाचणीसाठी बनवलेला आणि कायम ठरावीक वजन सांगणारा नकली काटा चुकून कारखान्याच्या मशीनवर राहिला, तर तोही पात्र ठरेल. नकार वापरायचाच असेल, तर (&(फाटक=*)(!(फाटक=जावक))) असे लिहावे. शिवाय बरोबरच्या चिन्हानंतर मोकळी जागा सोडू नये, कारण मजकुराची तुलना करताना ती जागासुद्धा किमतीचाच भाग धरली जाते.