मानाच्या तलवारीला धार कशासाठी?

दसरा जवळ आला की साताऱ्यात मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. जी कापत नाही ती तलवारच नव्हे, राजेलोकांच्या तलवारी लढाऊच असत, मिरवायची बोथट तलवार ही अलीकडची थट्टा आहे, सबब खंडेनवमीच्या आत घरच्या तलवारीला धार लावून घ्यावी, असा त्याचा मथितार्थ असतो.

राजेलोकांच्या तलवारी लढाऊच असत, हे विधान पहिल्याच तपासणीत टिकत नाही. इंग्लंडच्या राज्याभिषेकात राजापुढे ‘कुर्ताना’ नावाची जी तलवार नेतात, तिची अणी मुद्दाम छाटलेली आहे, कारण ती दयेची तलवार मानली जाते; आणि ही प्रथा अलीकडची म्हणावी, तर हीच तलवार 1626 साली पहिल्या चार्ल्सच्या राज्याभिषेकात होती. 2023 च्या सोहळ्यात उभी धरून नेलेली राज्याची तलवार सुमारे 3.6 किलोची आहे. एका हाताने लढायची तलवार साधारण एक ते दीड किलोची असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही कशासाठी घडवली ते निराळे सांगावे लागत नाही.

पण इतक्या लांब जायचे कारणच काय? 1720 मध्ये शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रे दिली ती आपल्याच कराडजवळच्या मसूर मुक्कामी. अशा पदाबरोबर शिक्के-कट्यार येत असे, आणि तिची किंमत ती छत्रपतींच्या हातून मिळाली यात होती, तिने काय चिरले जाते यात नव्हती. 1848 मध्ये सातारचे राज्य खालसा झाले, फौज गेली, तरी दसऱ्याला जलमंदिर राजवाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक पोवई नाक्याकडे निघते तेव्हा वाटेवरचा माणूस हात जोडतो. तिच्या पात्यावरून बोट फिरवून पाहावे, असे त्याच्या मनातही येत नाही.

संदेशात एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. मानाची प्रत्येक तलवार शोभेसाठीच घडवलेली नसते. जुनी फिरंग, म्हणजे युरोपी पात्याची सरळ तलवार, आज देव्हाऱ्यात असली तरी ती मुळात लढाईचीच. पण म्हणूनच तिला धार लावू नये; तिच्या अंगावरच्या जुन्या खुणाच त्यात जातात.

आमच्या घरची तलवार खंडेनवमीला बाहेर निघते. आई पाते कोरड्या फडक्याने पुसते, खोबरेल तेलाचे बोट फिरवते आणि झेंडूची माळ घालते. मुठीपासून वीतभर अंतरावर एक खाच आहे. ती कशाने पडली ते घरात कोणालाच ठाऊक नाही, पण दरवर्षी नवा पाहुणा प्रथम तीच पाहतो. दोन वर्षांपूर्वी असाच संदेश वाचून चुलत्यांनी ती धारवाल्याकडे नेली. त्याने चाक लावले आणि वीतभर पात्यावरचा जुना काळपट थर ठिणग्यांबरोबर निघून गेला. शिवाय हादऱ्याने मुठीतली वाळलेली लाख सुटली, आणि पाते मुठीत खुळखुळू लागले. आपल्याकडच्या जुन्या तलवारींत पाते मुठीत पुष्कळदा लाखेने बसवलेले असते, हे संदेश लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसावे.

चुलत्यांनी तिथेच चाक थांबवायला सांगितले, त्यामुळे खाच वाचली. घासलेला भाग आता तेल लावूनही पांढराच दिसतो.