‘स्तुतीच तर केली होती’ म्हणे!

फ्रान्समधल्या बोर्दो फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक विली सान्योल ४ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘सूद-वेस्त’ या वर्तमानपत्राच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. बोलता बोलता म्हणाला, की टिपिकल आफ्रिकन खेळाडूचा फायदा असा: घेताना सहसा स्वस्त पडतो, लढायला तयार असतो, मैदानावर ताकदवान असतो. पण फुटबॉल म्हणजे तेवढंच नव्हे, तंत्र, बुद्धी, शिस्तही लागते. सगळ्या तऱ्हेचे लागतात, उत्तर युरोपातलेसुद्धा, त्यांची मानसिकता चांगली असते. शिवाय, मी इथे आहे तोवर आफ्रिकन खेळाडू बरेच कमी येतील, कारण आफ्रिका कपसाठी (आफ्रिकी देशांची स्पर्धा) दर दोन वर्षांनी बारा जण दोन महिने गायब झालेले मला नकोत.

व्हायचा तो गदारोळ झाला. त्यावर सान्योलच्या बाजूने जे बोललं गेलं, ते आजही असं कुठलं प्रकरण निघालं की जसंच्या तसं फिरवलं जातं. बिचाऱ्याने स्तुतीच केली होती, ती शास्त्राला धरून होती, अडचण निव्वळ व्यवहाराची होती, माणूस वंशवादी नाही, आणि एका वाक्यापायी लोकांनी त्याला आयुष्यातून उठवलं. एकेक मुद्दा घेऊ.

‘स्तुतीच होती’

या विधानात दोन याद्या आहेत. एका यादीत ताकद, झुंज आणि कमी किंमत. दुसरीत तंत्र, बुद्धी, शिस्त. पहिली यादी आफ्रिकनांच्या नावावर मांडून झाल्यावर ‘पण एवढ्याने भागत नाही’ म्हणत दुसरी काढली आणि तिच्यासाठी उत्तरेकडे बोट दाखवलं. दुसऱ्या यादीतलं आफ्रिकनांकडे काय आहे, याबद्दल अवाक्षर नाही. पहिल्या यादीतला ‘स्वस्त’ हा शब्द तर स्तुतीत बसतच नाही, तो बाजारातला शब्द आहे.

अशा स्तुतीची आपल्याला चांगली ओळख असायला हवी. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जातीजमातींची ‘लढवय्ये’ आणि बाकीचे अशी वाटणी केली. लढवय्यांच्या शौर्याचे गोडवे गायले, पण पहिलं महायुद्ध संपत येईपर्यंत, मोजके अपवाद सोडले तर, राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीचा अफसरहुद्दा, त्यांना मिळत नव्हतं. लढायचं यांनी, हुकूम द्यायचा साहेबाने. आणि ही यादी किती शास्त्रीय? १८१८ साली कोरेगावात इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या महारांची भरती १८९०च्या दशकात याच वर्गवारीच्या नावाखाली बंद झाली. पराक्रम आटला नव्हता, साहेबाची यादी बदलली होती.

‘पण हे शास्त्रच आहे’

कोणतं? शंभर मीटरच्या शर्यतीत ज्यांचा दबदबा आहे, त्या जमैकन धावपटूंचं मूळ बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतलं. मॅरेथॉन गाजवणारे केनिया-इथिओपियाच्या डोंगराळ भागातले. दोघांच्या अंगकाठ्या समोरासमोर ठेवा, ‘टिपिकल आफ्रिकन’ शरीर कुठलं ते सांगता येणार नाही. जगात माणसांमधलं जनुकीय वैविध्य सर्वांत जास्त आहे ते आफ्रिकेत, त्यामुळे एकच साचा लावायला सर्वांत गैरसोयीचा खंड तोच. आणि गंमत म्हणजे शास्त्राचा दाखला देतात तो ताकदीपुरता. बुद्धी आणि शिस्तीवर आले की शास्त्र गप्प, पण निष्कर्ष मात्र तयार असतो.

खुद्द सान्योलची कारकीर्द पाहा. ९ जुलै २००६, बर्लिन, विश्वचषकाची अंतिम लढत. फ्रान्सकडून सान्योल उजव्या बगलेचा बचावपटू. शेजारी ग्वादलूपमध्ये जन्मलेला लिलियन थुराम. पुढे मधल्या फळीत सेनेगलमधल्या डाकारचा पॅट्रिक व्हिएरा आणि काँगोतल्या किन्शासात जन्मलेला क्लोद माकेलेले. माकेलेले जेमतेम साडेपाच-पावणेसहा फुटांचा. त्याचं नाव झालं ते समोरचा पास कुठे देणार हे आधीच ओळखून तिथे जाऊन उभं राहण्यामुळे. इंग्लंडमध्ये ती जागाच त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्याच्या मैदानी अकलेच्या भरवशावर आपण अंतिम सामन्यापर्यंत पोचलो, त्याच्या जन्मखंडाबद्दल आठ वर्षांनी हे बोलायचं?

बोर्दोचाच इतिहास बघायचा तर जाँ तिगाना आहे. जन्म मालीतल्या बामाकोचा, बोर्दोत आठ वर्षं काढली, १९८४चा युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) जिंकणाऱ्या फ्रान्सच्या मधल्या फळीत प्लातिनीच्या बरोबरीने खेळला. आणि सान्योलच्या त्या वक्तव्याच्या दीडच वर्ष आधी, मे २०१३मध्ये, बोर्दोने फ्रेंच कप जिंकला तो ३-२ असा. दोन गोल मालीच्या शेख दियाबातेचे, एक डाकारमध्ये जन्मलेल्या आंरी सैवेचा.

‘स्वस्त असतात हे तर खरं आहे ना?’

खरं आहे, पण तो खेळाडूचा गुण नव्हे. घरची ओढाताण, स्थानिक लीगमध्ये टीव्हीचा पैसा नाही, आणि घेणाऱ्याला घाई नाही, भाव पडणारच. सादियो माने डाकारच्या अकादमीतून २०११ साली मेझ या फ्रेंच क्लबात आला. २०१६मध्ये लिव्हरपूलने त्याच मानेसाठी सुमारे ३ कोटी ४० लाख पौंड मोजले. पाच वर्षांत तो काही कमी आफ्रिकन झाला नव्हता.

‘आफ्रिका कपची अडचण होती’

होती, आणि हा एकच मुद्दा दमदार आहे. ऐन हंगामात, जानेवारीत, पाच-सहा खेळाडू निघून गेले की कुठल्याही प्रशिक्षकाच्या कपाळाला आठ्या पडणार. पण २०१५ची स्पर्धा १७ जानेवारी ते ८ फेब्रुवारी होती. तयारी धरली तरी पाचेक आठवडे, दोन महिने नव्हेत. त्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियात आशियाई कपही होता, त्यावरून ‘टिपिकल आशियाई’ खेळाडूचं वर्णन कोणी केलं नाही. तक्रार कॅलेंडरची असेल तर कॅलेंडरबद्दल बोला. त्यात बुद्धी आणि शिस्त कुठून आली?

‘माणूस वंशवादी नाही’

नसेलही. त्याच्या मनात काय आहे याचा पंचनामा करायची गरजच नाही. इंग्लंडचा रॉन ॲटकिन्सन आठवा. सत्तरच्या दशकाअखेरीस वेस्ट ब्रॉम क्लबच्या संघात सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅट्सन या तीन कृष्णवर्णीयांना एकत्र खेळवणारा प्रशिक्षक, आणि तेही स्टेडियममधून माकडांचे आवाज काढले जायचे त्या काळात. तोच २००४मध्ये समालोचक असताना, माइक बंद आहे असं समजून, फ्रान्सचा कृष्णवर्णीय बचावपटू मार्सेल देसायी याच्याबद्दल वंशवाचक शिवी हासडून बसला. आधी केलेलं चांगलं काम खोटं ठरत नाही, पण त्या कामाच्या पुण्याईवर शिवीही माफ होत नाही.

शिवाय प्रश्न एकट्या सान्योलचा नव्हता. नोव्हेंबर २०१०मध्ये फ्रेंच महासंघाची एक बैठक झाली, तिचं ध्वनिमुद्रण २०११मध्ये ‘मेदियापार’ या फ्रेंच वृत्तसंकेतस्थळाने उघड केलं. दुहेरी नागरिकत्व घेऊ शकतील अशा मुलांची अकादमीतली संख्या मर्यादित ठेवावी का, अशी चर्चा चालली होती. राष्ट्रीय प्रशिक्षक लोराँ ब्लाँ (सान्योलच्या आधी बोर्दोचाच प्रशिक्षक, २००९चा लीगविजेता) म्हणत होता, की आपण एकाच छापाचे खेळाडू घडवतोय, मोठे, दणकट, ताकदवान; आणि असे सध्या कोण आहेत, तर काळे. चौकशीत ब्लाँवर ठपका आला नाही. पण मुद्दा बघा: दणकट मुलं निवडणारे तेच, आणि दणकटपणा मुलांच्या रंगाला चिकटवणारेही तेच.

या चाळणीतून काय निसटतं, त्याचं उदाहरण सान्योल बोलत होता त्याच हंगामात, त्याच लीगमध्ये काँ या क्लबकडून खेळत होतं. एन्गोलो कांते. आईवडील मालीचे, उंची साडेपाच फूट. लहानपणी चण छोटी म्हणून मोठ्या अकादम्यांनी घेतला नाही, एकोणीस वर्षांचा होईपर्यंत पॅरिसजवळच्या सुरेनच्या हौशी क्लबात खेळला. पुढे इंग्लंडच्या लेस्टर क्लबबरोबर २०१६ची प्रीमियर लीग जिंकली, फ्रान्सबरोबर २०१८चा विश्वचषक. साच्यात बसत नव्हता, म्हणून दिसला नव्हता.

‘शब्दांनी काय होतं?’

२०२०मध्ये रनरिपीट या संस्थेने इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेबरोबर चार युरोपीय लीगमधल्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं. बुद्धीची स्तुती झाली त्यातली जवळपास ६३ टक्के उजळ कातडीच्या खेळाडूंच्या वाट्याला. ताकदीचा उल्लेख मात्र गडद कातडीच्या खेळाडूंबाबत साडेसहा पटीने जास्त. समालोचक काही शिव्या देत नव्हते. दर शनिवारी त्याच दोन याद्या वाचत होते. हे ऐकत मोठा झालेला क्लबमालक प्रशिक्षकाच्या मुलाखती घ्यायला बसतो, तेव्हा डोकं कोणाचं चालतं याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो.

‘एका वाक्यापायी आयुष्यातून उठवलं’

दोन दिवसांनी पत्रकार परिषदेत सान्योलने दिलगिरी व्यक्त केली, कोणाला वाईट वाटलं असेल तर माफी, अशा धर्तीची. क्लबचे अध्यक्ष त्याच्या पाठीशी उभे राहिले. नोकरी मार्च २०१६पर्यंत टिकली आणि गेली ती संघ हरत होता म्हणून. पुढे बायर्न म्युनिकमध्ये सहप्रशिक्षक, २०२१पासून जॉर्जियाचा राष्ट्रीय प्रशिक्षक. २०२४मध्ये जॉर्जिया पहिल्यांदाच युरोला पात्र ठरला, पोर्तुगालला २-० हरवून बाद फेरीतही गेला, आणि सान्योलची वाहवा झाली ती त्याने आखलेल्या डावपेचांसाठी.