रूळ गेले, पट्टा राहिला

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शकुंतलेवरून चांगलंच वाजलं. मी न्यूझीलंडमधल्या ओटागोच्या सायकलवाटेचे फोटो टाकले होते. ते पाहून अमरावतीत इंजिनीअरिंग करणाऱ्या भाच्याने लिहिलं, गाडी काही आता येत नाही, तर अचलपूर ते मूर्तिजापूर अशीच वाट का करू नये? त्यावर अंजनगावहून मामांचं उत्तर आलं: "तुह्या मावशीच्या देशात लोक हौसेनं सायकल चालवतात. आपल्याइकडचे पोट्टे गाडी नाही म्हून चालवतात. आमाले ब्रॉडगेज पायजे." दोन दिवस ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. शेवटी दोघांनीही मला विचारलं, तू काय म्हणते?

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी नॅरोगेज गाडी. दोन्ही फाटे मिळून सुमारे १९० किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन या कंपनीने ती उभारली आणि स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी खासगीच राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. फाटकापाशी गाडी थांबायची, कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन उभी राहायची, तो फाटक उघडून पुन्हा चढायचा. माझी आजी याच गाडीने बनोशाला माहेरी जायची. काही वर्षांपूर्वी दोन्ही फाटे बंद झाले. ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या, मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. गाडी आलेली नाही.

मी चौदा वर्षं ओटागोतल्या डनेडिन शहरात राहते. इथून तासाभराच्या अंतरावर मिडलमार्च नावाचं दोनशेच्या आसपास वस्तीचं गाव आहे. तिथून क्लाइडपर्यंत १५२ किलोमीटरची ओटागो सेंट्रल रेल ट्रेल जाते. वाटेवर ना मोटार, ना मोटारसायकल. चाकाखाली बारीक खडी, आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखी. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, मेंढ्या आणि दूरवर उघडे डोंगर. हा न्यूझीलंडमधला सर्वांत कोरडा भाग, त्यामुळे मार्च महिन्यात तो थेट वऱ्हाडासारखा दिसतो. पहिल्यांदा गेले तेव्हा रानफर्लीच्या अलीकडे सायकल उभी करून मी बराच वेळ नुसती बघत राहिले होते.

ही वाट म्हणजे जुनी रेल्वेच. काम १८७९ ला सुरू झालं, रूळ क्लाइडला पोचायला १९०७ उजाडलं, आणि १९२१ ला ते पुढे क्रॉमवेलपर्यंत गेले. मालगाडीला झेपेल एवढाच चढ ठेवायचा म्हणून इंजिनीअरांनी डोंगर कापले, घळींवर पूल टाकले. त्यामुळे आज साठीतला माणूसही ६१८ मीटरचा माथा धाप न लागता पार करतो. पूलबर्नच्या घळीत ३७ मीटर उंचीचा पूल आहे, त्याच्या जवळच दोन बोगदे. टॉर्च घेऊन सायकल हाताने ढकलत बोगद्यातून जावं लागतं आणि बाहेर पडताच पायाखाली दरी येते. हाइडजवळ एक दगडी स्मारक आहे. १९४३ च्या जूनमध्ये तिथल्या वळणावर गाडी रुळांवरून घसरली आणि २१ माणसं गेली. लोक तिथे सायकली आडव्या ठेवून शांत उभे राहतात.

ही वाट झाली कशी, हे भाच्याने नीट समजून घ्यायला हवं. प्रवासी गाडी १९७६ लाच बंद झाली, कारण बसायला माणसं उरली नव्हती. मग क्लाइडच्या धरणाचं सामान वाहायला मार्ग चालू राहिला आणि ते काम सरताच १९९० ला तोही बंद झाला. मिडलमार्चच्या पुढचे रूळ आणि स्लीपर उचलले. डनेडिन ते मिडलमार्च हा भाग डनेडिनच्या नगर परिषदेने पर्यटकांच्या गाडीसाठी घेतला. पुढचा सगळा पट्टा १९९३ ला सरकारच्या संवर्धन खात्याने ताब्यात घेतला. स्थानिकांच्या विश्वस्त संस्थेने पैसे जमवले, पुलांवर फळ्या आणि कठडे बसवले, आणि २००० च्या फेब्रुवारीत वाट पूर्ण खुली झाली. मार्ग बंद झाल्यापासून दहा वर्षं.

त्या दहा वर्षांत विरोध खूप झाला. ज्यांच्या कुरणांमधून पट्टा जातो ते मेंढपाळ म्हणत होते, परके लोक फाटकं उघडी टाकतील, जनावरं बुजतील, आग लागेल. आज त्यांच्यातलेच काही जण सायकलवाल्यांना खोल्या देतात. पुढे २००९ मध्ये सरकारने देशभर अशा वाटांसाठी ५ कोटी डॉलर काढले, ते हे उदाहरण डोळ्यांसमोर होतं म्हणून.

आता माझं मत. गाडीच्या बाबतीत मामा बरोबर आहेत. इथली प्रवासी गाडी माणसं नसल्यामुळे बंद झाली. एकट्या अंजनगाव सुर्जीची वस्ती पन्नास हजारांवर आहे. दर्यापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, कुठेच माणसांची वाण नाही. पानपिंपळी आणि संत्री पिकवणाऱ्या, दवाखान्यासाठी अमरावती-अकोला गाठणाऱ्या लोकांना कुणी परदेशी फोटो दाखवून 'गाडीऐवजी सायकल घ्या' म्हणू लागलं, तर मी मामांच्या बाजूने उभी राहीन. ओटागोची वाट चालते ती चार दिवस सुट्टी काढून खोली आणि जेवणाचे पैसे मोजणाऱ्या प्रवाशांवर. मे महिन्यातल्या ४५ अंशांत वऱ्हाडात ते गणित बसणार नाही.

पण मामा एक गोष्ट विसरतात. 'ब्रॉडगेज नाहीतर काहीच नको' म्हणत आपण बसतो तेव्हा पट्टा जागेवर थांबत नाही. शेजारच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी दोन हात पुढे सरकतो. कुणी उकिरडा टाकतं, कुणी टिनाचं शेड उभं करतं, कुणी भरावातला मुरूम भरून नेतं. वीस वर्षांनी खरंच गाडी मंजूर झाली तर पुन्हा भूसंपादन, पुन्हा कोर्ट. इथे हा पट्टा शाबूत राहिला, कारण बंद पडल्यावर तीन वर्षांत त्याला सरकारी धनी मिळाला आणि नंतर रोज त्यावरून माणसं जाऊ लागली. वापरातल्या जागेवर कुंपण टाकायला धाडस लागतं.

वाट केली की गाडीचा हक्क गेला, ही मामांची भीती खोटी नाही. म्हणूनच अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यातच सोय केली: बंद पडलेल्या मार्गाची जमीन तुकडे न करता वाटेसाठी वापरायची, आणि रेल्वेला पुढे गरज पडली तर ती परत द्यायची. असं लेखी कलम आपल्याकडे का होऊ नये? मालकीचा जुना गुंता आधी सोडवावा लागेल, आणि तोच मोर्च्यातल्या पहिल्या मागणीचा विषय असायला हवा.

आणि ती वाट पर्यटकांसाठी मुळीच नको. आमच्याकडची काळी माती पावसात पायाला चिकटते, पांदण रस्त्यावरून जुलैमध्ये सायकल हातात घेऊनही जाता येत नाही. रेल्वेचा भराव मात्र शंभर वर्षं दबून घट्ट झालेला आणि शेतापेक्षा उंच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि त्या मुली ट्रकच्या रस्त्याच्या कडेने, खांद्यावर दप्तर घेऊन, हॉर्न ऐकला की मातीत उतरत शाळेला जातात. मीही तशीच गेले आहे. आठ-दहा किलोमीटरचा एखादा तुकडा, दोन गावं आणि एक शाळा जोडणारा, मुरूम दाबून, कडुनिंब लावून करता आला तर मला तो १५२ किलोमीटरपेक्षा मोठा वाटेल.

एकच अट मी फार कडक ठेवीन: तोंडाशी घट्ट खांब, मोटारसायकल शिरणार नाही असे. ती शिरली की आठवड्यात ट्रॅक्टर येतो, मग डांबराची मागणी येते, आणि मुली पुन्हा मातीत उतरतात. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी पांदण रस्ता हवा, ही मागणी रास्त आहे. तिच्यासाठी वेगळं भांडू या, हा पट्टा देऊन नको.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भाच्याने विचारलं, मग सुरुवात कुठून? मी म्हटलं, नकाशापासून. दिवाळीत मी येते आहे. अंजनगाव ते पथ्रोट भरावावरून पायी जायचं, जिथे पट्टा तुटलाय, दाबला गेलाय, तिथे तिथे नोंद करायची आणि तो कागद तहसीलदारांकडे द्यायचा. रात्री मामांचा फोन आला. म्हणाले, जुन्या गाडीचे सगळे थांबे मले पाठ हायेत, मीबी येतो.