पितळी पट्टीची बंदूक ‘खास मजबूत’ नसते

जुन्या इंग्रजी दुनळी बंदुकांबद्दल एक मजकूर सध्या इकडून तिकडे फिरतोय. दस्त्याच्या मानेवर (घोड्यामागे हाताने धरतो त्या बारीक भागावर) पितळी पट्टी किंवा तांब्याच्या तारेचे वेढे असतील, तर ती म्हणे हिंदुस्थानातल्या शिकारीसाठी कारखान्यातच मजबूत करून पाठवलेली खास बंदूक. म्हणून ती महाग, आजचं कुठलंही काडतूस झेलणारी, आणि वर ‘अँटिक’ असल्यामुळे परवान्याची गरज नसलेली! एकेक घेऊ.

पट्टी कारखान्यातली? पट्टीच्या कडेला भिंग धरा. हाताची पकड बसावी म्हणून मानेवर चौकड्यांची बारीक नक्षी कोरलेली असते. तिच्या रेघा पट्टीखाली शिरून पलीकडे बाहेर पडत असतील, तर नक्षी आधीची आणि पट्टी नंतरची. स्वतःच जीव ओतून कोरलेलं काम लंडन-बर्मिंगहॅमचा कारागीर पितळेखाली कशाला गाडेल? त्यांच्या उत्तम कामात लोखंड लाकडात असं बसवलेलं असतं की फटीत कागद जाऊ नये, आणि स्क्रूंच्या खाचा एका रेषेत. पट्टीवरचे स्क्रू मात्र वाटेल तिकडे तोंड करून असतात. काही तर थेट दाराच्या बिजागरीचे वाटतात.

पट्टी लागली कारण मान चिरली. मान हा दस्त्याचा सर्वांत बारीक भाग. साइडलॉक बंदुकीत दोन्ही बाजूंची लॉकं (बार उडवणारी यंत्रणा) बसवायला तिथलंच लाकूड आतून कोरतात. बाहेर घोडे (काडतुसावर ठोका देणारे हातोडे) असलेल्या बॅक-अ‍ॅक्शन बंदुकांत स्प्रिंग घोड्याच्या मागे येते, म्हणजे थेट मानेत. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्स या बंदूक कंपनीत अ‍ॅन्सन आणि डीली यांनी जो बॉक्सलॉक आणला, त्यात लॉक लोखंडी पेटीतच गेलं आणि लाकूड बरंच वाचलं.

त्यात भर तेलाची. बंदूक वर्षानुवर्षं तोंड वर करून कपाटात उभी राहते, वर सढळ हाताने घातलेलं तेल झिरपत दस्त्याच्या डोक्यात, म्हणजे लाकूड लोखंडाला टेकतं तिथं, मुरतं. अक्रोडाचं लाकूड तिथं काळं आणि मऊ पडतं. मग प्रत्येक बाराला लोखंड किंचित मागे सरकतं आणि मानेवरून मागे जाणारी वरची लोखंडी जीभ पाचरीसारखी लाकडात घुसते. बाहेरून पट्टी ठोकून हे थांबत नाही. तेल ओढून काढून, चीर आतून सांधावी लागते.

कारखाने मजबुती करतच नसत असं नाही. साध्या दुनळीतही मानेच्या वर आणि खाली लोखंड असतं, आणि दोन्हींना जोडणारा स्क्रू लाकडातून आरपार जातो. हत्ती-गव्यासाठीच्या जड दुनळी रायफलींवर काही निर्माते वरची जीभ दस्त्याच्या कडेवरून बरीच मागे नेत, तीही लाकडात मुरवून. छऱ्याच्या बाराबोरला (नेहमीच्या १२ बोअरच्या बंदुकीला) एवढ्या खटाटोपाची गरज नव्हती.

तारेचे वेढे ही लष्करी ली-एनफील्ड रायफलींशी झालेली गल्लत दिसते. ग्रेनेड फेकण्यासाठी राखलेल्या रायफलींना पुढच्या लाकडावर, नळीभोवती तार गुंडाळत. नळी फाटलीच तर तुकडे आवरावेत, हा हेतू. मानेशी त्याचा संबंध नाही, आणि ती तार मिरवायची तर अजिबातच नव्हती.

काडतुसाचा दावा सरळसरळ धोकादायक आहे. जुन्या इंग्रजी बाराबोरचं काडतुसाचं घर बहुतेक वेळा अडीच इंची, म्हणजे ६५ मि.मी.च्या काडतुसासाठी. ७० मि.मी.चं काडतूस आत बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब चढतो. नळ्या दमास्कसच्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या), फक्त जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूवर तपासलेल्या असतील, तर दस्ता पोलादी असला तरी उपयोग शून्य. नळ्यांच्या तळच्या सपाट भागावर नळ्यांची चाचणी घेणाऱ्या प्रूफ हाउसचे शिक्के असतात, ते जाणकाराकडून वाचून घ्या.

किंमत? संग्राहक मूळ अवस्थेला पैसे मोजतो, पट्टीने भाव पडतो. मला स्वतःला गावठी सांधकाम बघायला आवडतं, पण ती आवड झाली, बाजारभाव नव्हे.

राहता राहिला परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट जुनाट किंवा मोडक्या हत्यारांना आहे, पण दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशांनाच. पट्टी मारून चालती ठेवलेली दुनळी त्यात बसत नाही.