अर्धविराम खोडू नका. तो चुकून पडलेला नाही

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या औंध सहलीची पत्रके परवा छापून आली, तेव्हापासून माझे डोके तापले आहे. बस कुठे कुठे थांबेल ते मी स्वच्छ अक्षरात लिहून दिले होते: ‘मिरज, रेल्वे स्टेशन; सांगली, बस स्थानक; तासगाव, गणपती मंदिर’. थांबे तीन. छापताना दोन्ही अर्धविरामांचे स्वल्पविराम झाले आणि पत्रकात उरले ते असे: ‘मिरज, रेल्वे स्टेशन, सांगली, बस स्थानक, तासगाव, गणपती मंदिर’. पाच बायका पहाटे सहाला सांगलीच्या रेल्वे स्टेशनवर डबे घेऊन उभ्या राहिल्या, तासगावचे दोघे तिथल्या बस स्थानकावर; कारण पत्रकात त्यांना ‘रेल्वे स्टेशन, सांगली’ आणि ‘बस स्थानक, तासगाव’ असेच दिसले. त्यांचे काय चुकले? त्यांना शोधून आणण्यात सव्वा तास गेला. शिव्या मात्र पत्रक लिहिणाऱ्याला, म्हणजे मला, बसल्या.

डीटीपी करणाऱ्या मुलाला जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, ‘काका, स्वल्पविरामावर चुकून टिंब पडलं होतं, म्हणून काढून टाकलं.’ चुकून! एकाच ओळीत दोनदा, नेमके गावाचे नाव सुरू होण्याआधी, चुकून टिंब पडते का? कळत नव्हते तर एक फोन करायचा होता.

आणि हा एकटाच नाही. ‘महोदय;’ असे लिहून अर्ज सुरू करणारे आहेत. ‘खालीलप्रमाणे’ या शब्दापुढे अपूर्णविरामाच्या जागी अर्धविराम ठोकणारे आहेत. दोन पूर्ण वाक्ये स्वल्पविरामाने चिकटवून पुढे पळणारे तर घरोघरी आहेत, आणि प्रत्येक वाक्याला तीन-तीन टिंबांचे शेपूट लावणाऱ्यांचा मला सर्वांत जास्त संताप येतो. शाळेत चिन्ह ओळखण्याचा एक गुण सगळ्यांनी मिळवला. ते वापरण्याची वेळ आली की हात थिजतो.

संघाचे एक सभासद मला ऐकवतात की मोडीत कुठे विरामचिन्हे होती, तरी राज्यकारभार चाललाच ना. चालला, पण मोडी वाचणारा कारकून त्याच कामात मुरलेला असे, शब्द न तोडता लिहिलेली ओळ त्याला सवयीने फोडता येई. आमचे पत्रक पहाटे चष्मा शोधत वाचले जाते. मेजर थॉमस कँडीने १८५० साली मराठीतल्या विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली, म्हणजे पावणेदोनशे वर्षे होत आली. अजून किती वर्षे आम्ही हे चिन्ह परके समजणार आहोत? ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभे केले, तिथल्या माणसाला वाक्यात कुठे किती थांबायचे हे कळू नये, याचे मला खरोखर वाईट वाटते.

पुढच्या सभेची सूचना मी उद्या स्वतः घेऊन जाणार आहे. त्या मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसेन आणि चारही अर्धविराम पडद्यावर जागच्या जागी दिसल्याशिवाय उठणार नाही.