आधी वजन, मग मजकूर

गोव्यात राहता आणि अजून एकही कलाग्रंथ काढला नाही? मग हे वाचाच. विषय तीनच आहेत: रंगभूमी, जुने वाडे आणि सिनेमा. अनुभव लागत नाही. असलाच तर तो लपवा.

सगळ्यात आधी वजनाचे बघा. हातात सहज मावते त्याला पुस्तक म्हणतात, आणि पुस्तक म्हटले की लोक वाचायला मागतात. कलाग्रंथ दोन हातांनी उचलावा लागतो, म्हणून तो कोणी उचलत नाही. कागद चकचकीत आर्ट पेपरच घ्या. प्रस्तावना निदान तीन जणांच्या असाव्यात. एकाने दुसऱ्याची वाचलेली नसते, त्यामुळे तिन्हींत ‘मैलाचा दगड’ येतो आणि एकमत झाल्यासारखे वाटते.

सुरुवात वाड्यापासून करा. वाडा नाटकासारखा मध्यंतराला उठून जात नाही. चांदरला मिनेझिस ब्रागांझांचे घर आहे, त्याच्या दोन भागांत कुटुंबाच्या दोन शाखा. एका भागातल्या चॅपेलात सेंट झेवियरचे नख आहे असे सांगतात. दुसऱ्या भागात सुमारे ५००० पुस्तके आहेत. तुम्ही झुंबराला आठ पाने द्या, कोरीव खुर्च्यांना सहा, आणि पुस्तकांच्या कपाटांचा लांबून एक फोटो. कपाट उघडू नका. आत लुईस द मिनेझिस ब्रागांझा भेटायचे, म्हणजे पोर्तुगीज नेता सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध १९३० साली स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडणारे पत्रकार. असा माणूस मध्येच आला की झुंबराचा उजेड कमी होतो.

हिंदू वाड्यांची वेगळीच पंचाईत. ते रस्त्याकडे पाठ करून बसलेले. सगळा संसार आत, राजांगणाभोवती, म्हणजे मधल्या चौकाभोवती. कॅथलिक घर बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करते. तेव्हा मुखपृष्ठावर बलकांवच घ्या, पण त्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला आधी उठवा. घर आहे तसे दिसले की ते घर दिसते, वारसा दिसत नाही.

मुंडकाराचा, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्या कुळाचा उल्लेख तर चुकूनही नको. शिंपल्यांची तावदाने, चिऱ्याच्या भिंती, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या पणजोबांचे तैलचित्र, एवढे पुरे. चिरे कोणी वाहिले हे विचारत बसलात तर बेदखलीपासून मुंडकाराला संरक्षण देणारा १९७५ चा कायदा येतो, आणि ‘ओसरत्या वैभवाची गाथा’ या प्रकरणाचा सूर बिघडतो. वैभव आपोआप ओसरले असे लिहा. पावसाने.

पावसावरून आठवले. अशाच एका ग्रंथासाठी मी मित्राबरोबर रिफ्लेक्टर धरायला गेलो होतो. दिवस जुलैचे. मालकीणबाईंनी दिवाणखान्यातल्या पाच बालद्या एकेक करून आत नेल्या. आम्ही घाईघाईने फोटो काढले, तोवर फरशीवर पाच ठिकाणी पाणी साचले. मग त्यांनी बालद्या परत आणल्या आणि बरोबर जागच्या जागी ठेवल्या. शोधावे लागले नाही. फरशीवर पाच गोल डागच होते. फोटोत ते डाग आले. मित्राने नंतर संगणकावर पुसले. तुम्हीही पुसा.

आता रंगभूमी. पहिल्याच वाक्यात १७ एप्रिल १८९२ ठोकून द्या. त्या दिवशी मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांचे कोकणी नाटक झाले. तारीख टाकली की तियात्र बघायला जायची गरज उरत नाही. दोन प्रवेशांच्या मध्ये कांतार, म्हणजे गाणे म्हणणारा मंत्र्याचे नाव घेऊन चिमटे काढतो आणि सभागृह वन्स मोअर मागते, हे ‘लोकरंजन’ या एका शब्दात बसते. तुम्ही मराठी नाट्यसमीक्षक असाल तर तेवढाही शब्द खर्चू नका. तियात्रवाल्यांनीही देवळातल्या मराठी नाटकांकडे बघू नये. दोघांचा चहा एकाच कँटीनमध्ये होतो, तेवढी देवघेव पुष्कळ आहे.

आणि ही देवळातली नाटके ग्रंथात बसवणे खरोखर कठीण. आमच्या गावच्या उत्सवात रात्री बाराला नांदी होते. दुसऱ्या अंकात राजा रडायला लागला की कोणीतरी विंगेत चिठ्ठी पाठवतो. नाटक थांबते. माइकवरून घोषणा होते: ‘राजाचे काम करणाऱ्या कलाकाराला अमुकअमुक यांच्याकडून एकशे एक रुपये.’ राजा डोळे पुसतो, पुढे येतो, नमस्कार करतो, मागे जातो आणि जिथे थांबला होता तिथून पुन्हा रडू लागतो. तेही खरे रडू! विंगेतला प्रॉम्प्टर तोवर बोट त्याच ओळीवर धरून बसलेला असतो. जगातल्या कुठल्याही नटाला सांगा हे करून दाखवायला. पण तुम्ही यावर लिहू नका. ‘रसभंग’ लिहा आणि पान उलटा.

सिनेमाचे दोन ओळींत आटपते. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आहे, म्हणजे दर नोव्हेंबरात गळ्यात कार्ड अडकवून तुम्ही आपोआप समीक्षक होता. रांगेत उभे राहून ऐका, आत गेल्यावर झोपा, बाहेर येऊन ‘अवकाश’ आणि ‘मौन’ हे शब्द वापरा. गोव्याचा विषय निघाला तर ‘त्रिकाल’ हा सिनेमा लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या घरात चित्रित झाला, एवढे सांगा. वाड्याच्या ग्रंथातला एखादा उरलेला फोटो तिथे खपून जातो.

तिन्ही ग्रंथ दिवाणखान्यातल्या टीपॉयवर रचा. पावसाळ्यात आर्ट पेपर ओल धरतो आणि पानाला पान चिकटते. ओढून काढू नका. एकदा मी ओढले तर अर्धे झुंबर या पानावर राहिले आणि अर्धे त्या. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी बांधायची वेळ आली की स्टूल नेमके चार बोटे कमी पडते. तेव्हा रंगभूमी खाली, वाडे त्यावर, सिनेमा सगळ्यात वर, आणि त्यावर स्टूल. उतरताना पाय लागला की आई आतून ओरडेल, ‘अरे, पुस्तकाला पाय लागला, नमस्कार कर.’

करा.