आधी व्याख्या करा

लेख लिहायला बसलात आणि सांगण्यासारखं काहीच सुचत नाही, असं तुमचं होत असेल तर घाबरू नका. व्याख्येने सुरुवात करा. 'मैत्री म्हणजे नेमकं काय?' असं पहिल्याच ओळीत विचारलं की वाचक चपापतो. इतकी वर्षं मित्रांकडून उसने पैसे घेतले आणि आपल्याला एवढंही माहीत नाही, म्हणून खजील होतो. तो सावरेपर्यंत तुमचे दोन परिच्छेद झालेले असतात.

सगळ्यात स्वस्त प्रकार अक्षरं फोडण्याचा. ५ सप्टेंबरला कुठल्याही शाळेत जा. 'शि म्हणजे शीलवान, क्ष म्हणजे क्षमाशील, क म्हणजे कर्तव्यतत्पर' हे ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. याला पुरावा लागत नाही, टाळ्या मात्र हमखास पडतात. फक्त त्याच ओघात 'भक्षक' फोडायला जाऊ नका. तिथेही क्षमाशील आणि कर्तव्यतत्पर निघतात.

थोडंफार संस्कृत येत असेल तर धातूला हात घाला. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेला. चिखलात बेडूकही जन्मतो, पण मुलाचं नाव पंकज ठेवणाऱ्या बापाच्या डोळ्यांपुढे कमळच असतं. व्याकरणात अशा शब्दाला योगरूढ म्हणतात: फोड केली तर दहा गोष्टी आत मावतात, लोक त्यातली एकच उचलतात. हे वाचकाला अजिबात सांगू नका. व्युत्पत्ती कळली म्हणजे अर्थ कळला, असं त्याला वाटतं ते वाटू द्या.

नैयायिकांपासून, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांपासून, मात्र चार हात लांब राहा. या मंडळींनी साध्या सरळ धंद्याची पार वाट लावली. अन्नंभट्टांनी आपल्याच 'तर्कसंग्रहा'वर 'दीपिका' लिहिली, त्यात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आणि उदाहरणाला धरली बिचारी गाय. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असं म्हणाल तर पांढरी गाय बाहेर राहिली, ही अव्याप्ती. शिंगं असलेली म्हणाल तर म्हैस आत शिरली, ही अतिव्याप्ती. न दुभंगलेल्या खुराची म्हणाल तर जगात एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. मग गाय ओळखायची कशी? तर गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवरून. (पोळी बैलालाही असते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. संस्कृतात 'गो' म्हटलं की बैलही आला, म्हणून पंडित सुटले. अडकलो आपण.) एवढ्या कसोट्या लावून 'विकास' किंवा 'संस्कृती' लिहायची म्हटलं, तर भाषणं करायची कोणी?

बोट दाखवून व्याख्या करण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. बारीकशी अरुंधती दाखवायची तर आधी शेजारचा ठळक तारा दाखवावा, मग नजर हळूच सरकवावी. पद्धत उत्तमच, पण हल्ली दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर कार्यालयाच्या पीओपीच्या छताकडे बोट केलं जातं आणि नवरा-नवरी 'दिसली' म्हणून मोकळी होतात. तुमच्या वाचकाचंही तसंच होईल. काळजी नको.

खरे उस्ताद पाहायचे असतील तर कायद्याकडे वळा. तिथे 'म्हणजे' आणि 'यात समावेश होतो' हे दोन वेगळे प्राणी आहेत. 'म्हणजे' लिहिलं की दार बंद. 'समावेश होतो' लिहिलं की दार उघडं, येईल त्याला आत घ्या. कायद्यांतले शब्द कसे वाचायचे हे सांगणारा १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट पाहा. व्यक्ती म्हणजे काय, हे त्यात सांगितलेलंच नाही; व्यक्तीत कंपनीचा समावेश होतो, एवढं सांगितलंय. म्हणजे तुम्ही-मी व्यक्ती आहोत की नाही हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं, कंपनीचं मात्र पक्कं. त्याच कायद्यात पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात, संदर्भ आड येत नसेल तर. हे शेपूट पाठ करून ठेवा. 'संदर्भ आड येत नसेल तर' जोडलं की कुठलीही व्याख्या कुठूनही सोडवता येते.

आमच्या सोसायटीच्या सभेत हे शेपूट कोणाला सुचलं नाही, म्हणून अडीच तास गेले. विषय एवढाच होता की पाहुण्यांनी गाड्या आत लावू नयेत. पाहुणा कोण? सचिव म्हणाले, 'जो सभासद नाही तो.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर. 'म्हणजे तेवीस वर्षं मी इथे पाहुणी म्हणून भांडी घासतेय का?' काका खाली बघून अहवालाची पानं मोजू लागले. मग ठरलं, रात्री जो इथे झोपत नाही तो पाहुणा. त्यात नाइट शिफ्टचा जोशींचा मुलगा गेला. तेवढ्यात कोल्हापूरकडचे एक सभासद म्हणाले, 'आमच्यात सोयरिकीतल्यांनाच पाव्हणं म्हणत्यात, आणि यष्टीत शेजारी बसलेल्यालाबी.' ते इतिवृत्तात कसं लिहायचं यावर वीस मिनिटं गेली.

शेवटी ठराव असा झाला: 'पाहुणा म्हणजे समितीच्या मते जी व्यक्ती पाहुणा असेल ती.' एकमताने मंजूर. हा नमुना कापून जवळ ठेवा, यात अव्याप्ती नाही, अतिव्याप्ती नाही, आणि अर्थही नाही.

अंमलबजावणीसाठी वॉचमनला वर बोलावून ठराव वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. 'एवढं कशाला साहेब,' तो म्हणाला, 'गेटपाशी काच खाली करून बोलतो तो पाहुणा. घरची माणसं हॉर्न वाजवतात.'